बाळूच्या हातात बॅट कधी आली?

आधीच सांगून टाकतो, माझं मराठी बेताचंच आहे. शाळा कॉन्व्हेंट. मराठीचे तास आठवड्यातून मोजकेच, आणि तेही बहुतेक वेळा पोर्शन पूर्ण करायला गणिताच्या टीचर घेऊन टाकायच्या. घरी मात्र अस्सल रोह्याची बोली. त्यामुळे हे लिखाण कुठे पुस्तकी होईल, कुठे गावठी होईल. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही विनंती.

या वर्षी मराठी विभागाचा विषय आहे 'मला भावलेली व्यक्ती'. आमच्या वर्गातले निम्मे जण कलाम सरांवर लिहिणार, उरलेले सचिनवर. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं नाव गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही माहीत नव्हतं. ते नाव म्हणजे बाळू पालवणकर. पण त्यांच्याकडे जायच्या आधी थोडं आमच्या रोह्याबद्दल सांगावं लागेल, कारण मला ते भेटले तिथेच.

रोहा म्हटलं की लोकांना कुंडलिका नदी आठवते, धावीर महाराजांची पालखी आठवते, धाटावची एमआयडीसी आठवते. जुन्या लोकांना सी. डी. देशमुख आठवतात. मला आठवते ती दिव्याहून सुटणारी रोहा गाडी. शनिवारी ती पकडायची, पेणनंतर जागा मिळाली तर बसायचं, नाहीतर उभ्यानेच घर गाठायचं. आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर जायचं. तिथे एका आदिवासी वाडीजवळ आम्ही चार-पाच मित्र पोरांना क्रिकेट शिकवतो. कोणी पैसे देत नाही, कोणी घेत नाही. खरं सांगायचं तर सुरुवात फार उदात्त हेतूने झाली नव्हती. बायोडेटामध्ये 'सोशल वर्क' अशी एक ओळ हवी होती. कॅम्पस इंटरव्ह्यूला कामाला येते म्हणे!

माळावर दोन प्रकारची पोरं यायची. गावातली, म्हणजे आमच्या आळीतली आणि बिल्डिंगमधली, स्वतःची बॅट घेऊन. आणि वाडीवरची, अनवाणी. वाडीवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यामुळे त्या पोरांची शाळाही अर्धी आणि खेळही अर्धा. ज्यांच्या घरच्यांना त्या वर्षी जवळपास काम मिळालं होतं, तेवढीच पोरं उन्हाळाभर आमच्याकडे येत होती.

त्यांच्यातला एक पोरगा डावखुरा होता. वय असेल बारा. बारीक अंगाचा, बोलायला लाजरा. टेनिस बॉल त्याच्या बोटांतून असा काही सुटायचा की पडल्यावर उजव्या हाताच्या बॅट्समनपासून बाहेर वळायचा आणि आमचे बिल्डिंगमधले हिरो हवेत बॅट फिरवत राहायचे. मला फारच आनंद झाला. दसऱ्यानंतर गावात एक छोटी टूर्नामेंट असते, तिच्यासाठी मला बॅट्समन तयार करायचे होते. मला फुकटात बोलिंग मशीन मिळालं! जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत तो पोरगा दर रविवारी टाकत राहिला. गेलेले बॉल करवंदीच्या जाळीतून तोच आणायचा. विटांचे स्टंप तोच रचायचा. मी त्याचं खूप कौतुक करायचो. त्याच्या हातात बॅट एकदाही दिली नाही. हे मी मुद्दाम केलं नाही, हे खरं आहे. पण मुद्दाम केलं नाही म्हणजे काही केलं नाही असं होत नाही, हे मला पुढे कळलं.

जुलैत पाऊस लागला. कोकणातला पाऊस, माळाचं तळं झालं. पोरं तरी यायचीच. मग एका पडवीत बसून मी त्यांना क्रिकेटपटूंच्या गोष्टी सांगायला लागलो. धोनीची संपली, सचिनची संपली, आता पुढच्या रविवारी काय, म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत शोधत होतो. तिथे रामचंद्र गुहांचं २००२ सालचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे जाडजूड पुस्तक मिळालं. सोमवारी फ्लुइड मेकॅनिक्सचं सबमिशन होतं. सबमिशन राहिलं, पुस्तक संपलं.

तर आता बाळूंची गोष्ट.

पालवणकर हे घराणं मूळ कोकणातलं, जातीने चर्मकार. त्या काळात या समाजाला अस्पृश्य मानलं जाई. वडील लष्कराच्या नोकरीत होते. बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराला धारवाडला झाला. पुढे कुटुंब पुण्यात आलं. लष्करी अधिकारी खेळून टाकून दिलेलं क्रिकेटचं सामान मिळायचं, त्याच्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. कोच नाही, कॅम्प नाही, किट तर नाहीच नाही.

शाळा लवकरच सुटली. पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये बाळूला काम मिळालं. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमाराला तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेला. पगार वाढून चार रुपये झाला आणि काम पण वाढलं. जाळी उभारायची, रोलिंग करायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या. अधूनमधून साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. पहिल्यांदा त्याला बॉल टाकायला प्रोत्साहन दिलं ते ट्रॉस नावाच्या एका साहेबाने. बाळू डावखुरा, संथ गतीचा. पण बॉल हवेत असा काही तरंगत यायचा, टप्पा पडल्यावर असा काही वळायचा, की साहेब लोक चकित!

(मेकॅनिकलवाल्यांसाठी : फिरत जाणाऱ्या बॉलच्या एका बाजूला हवा जास्त वेगाने जाते, दुसऱ्या बाजूला कमी वेगाने. त्यामुळे बॉलवर आडवा जोर येतो. हाच तो मॅग्नस इफेक्ट, ज्याच्यावर परीक्षेत प्रश्न येतो आणि आपण ऑप्शनला टाकतो. पुढे टप्प्यावर मातीचं घर्षण बॉलला वळवतं. बाळूला यातलं एकही समीकरण माहीत नव्हतं. त्याच्या बोटांना माहीत होतं.)

क्लबमध्ये जे. जी. ग्रेग नावाचे कॅप्टन होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेले, त्या वेळचे हिंदुस्थानातले फार मोठे बॅट्समन. गंमत म्हणजे हे ग्रेगसाहेब पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले. आमच्या शाळेतल्या फादरांच्या जागी मी त्यांना बॅट घेऊन उभे असलेले कल्पून पाहिलं! तर हे ग्रेग बाकीचे लोक यायच्या आधीच मैदानावर येत आणि बाळूला एकट्याला तासभर बॉल टाकायला लावत. अशी आख्यायिका आहे की बाळूने बाद केलं की ते दर वेळी आठ आणे बक्षीस देत. हिशेब करून पाहिला. आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला.

आता या गोष्टीतली महत्त्वाची जागा. बाळूने पूना क्लबच्या जाळीत साहेबांना शेकडो तास बॉल टाकले. त्याच्यावर सराव करून साहेबांची बॅटिंग सुधारली. पण त्या जाळीत बाळूला बॅट मात्र एकदाही मिळाली नाही. बॉल टाकणं हे नोकराचं काम आणि बॅटिंग साहेबांची, असा तिथला रिवाज.

हे वाक्य मी लायब्ररीत वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. पूना क्लबमध्ये निदान आठ आणे तरी मिळत होते. आमच्या माळावर तेही नव्हते.

बाळूची कीर्ती गावात पोचली. पुण्यात हिंदूंचाही क्लब होता आणि त्यांना साहेबांना हरवायची फार इच्छा होती. साहेबांना ज्याच्या बोलिंगवर खेळता येत नाही असा माणूस गावातच आहे, पण तो अस्पृश्य. घ्यायचा की नाही यावर क्लबात वाद झाला. शेवटी ग्रेगनेच वर्तमानपत्रात मत दिलं की बाळूसारख्या बोलरला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळू संघात आला.

पण संघात येणं वेगळं आणि माणसांत येणं वेगळं. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावायचे. बॉल बाळूच्या हातातून सवर्ण विकेटकीपरच्या हातात जायचा, त्याने काही बिघडत नव्हतं. चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जाऊन चिनी मातीच्या कपात चहा पीत. बाळूला चहा बाहेर मिळायचा, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. हात-तोंड धुवायला पाणी हवं असेल तर त्याच्याच सारखा कोणी खालच्या मानलेल्या जातीचा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात येऊन ओतायचा. जेवणाचं ताटही वेगळं आणि टेबलही वेगळं.

रविवारी पडवीत मी हे पोरांना सांगत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. मातीच्या भांड्याचं सांगितलं आणि पोरं एकदम गप्प झाली. डावखुऱ्याने मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. मी पण पाहिलं.

कोपऱ्यात आमचा पाण्याचा जार होता. वर स्टीलचा एक ग्लास उपडा ठेवलेला. गावातली पोरं त्या ग्लासने पाणी प्यायची. वाडीवरची पोरं ओंजळ धरायची आणि कोणीतरी वरून ओतायचं. हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. कोणी कोणाला काही बोललंही नव्हतं. पहिल्या रविवारी कधीतरी तसं झालं असेल आणि मग तसंच होत गेलं. जार मीच आणायचो. वरून पाणी कितीतरी वेळा मीच ओतलंय. सहा महिने मी ते पाहत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. इंग्लिश मीडियममध्ये 'अनटचेबिलिटी' या विषयावर पाच मार्कांचं उत्तर मी तोंडपाठ लिहिलेलं आहे, पूर्ण मार्क मिळवून!

त्या दिवशी पुढची गोष्ट मी कशीबशी सांगितली. पण वाचकहो, तुम्हाला नीट सांगतो, कारण गोष्ट अजून बरीच बाकी आहे.

पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याला गेला. तिथल्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याने बाळूची धास्ती घेतली होती. बॉल वळू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला म्हणे. बाळूने ७ बळी घेतले आणि पुण्याचा संघ सहज जिंकला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या खेळाडूंना जाहीरपणे सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? लोकमान्य टिळकांनीही बाळूचं जाहीर कौतुक केलं. विचार करा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं पुणं, आणि एका ग्राउंडमनच्या फिरकीमुळे सभेत असा प्रश्न निघतोय!

१८९६ नंतर प्लेगने पुणं रिकामं व्हायला लागलं आणि बाळू मुंबईला आले. (इथून पुढे अहो-जाहो करतो. आत्तापर्यंत ते माझ्या डोळ्यांसमोर आमच्या माळावरच्या पोरासारखे होते म्हणून तसं लिहिलं गेलं.) मुंबईत रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायला पुन्हा काही सभासदांचा विरोध झाला, पण कर्णधार कीर्तीकरांनी आग्रह धरला. मुंबईत वागणूक पुण्यापेक्षा बरी मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. स्वदेशीची चळवळ जोरात होती, त्यामुळे सामना नुसता सामना नव्हता. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी विजय! या संघात बाळू होते आणि भाऊ शिवरामही होते. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊ आले. एकाच घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. विठ्ठल तर फार देखणी बॅटिंग करायचे. थोरल्याला जाळीत बॅट मिळाली नाही, धाकटा पुढे त्या काळातला नामांकित बॅट्समन झाला. ही गोष्ट मला फार आवडते.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांना क्रिकेटपेक्षा मेजवान्यांची आमंत्रणं जास्त, त्यामुळे ते बहुतेक सामन्यांत नव्हतेच. संघ २३ सामन्यांपैकी ६ जिंकला आणि १५ हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले! केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. खांदा दुखत होता, वय पस्तिशीचं होतं आणि पाठीमागे क्षेत्ररक्षण फार काही ग्रेट नव्हतं. इंग्लंडमधल्या काही काउंट्यांना हा माणूस आपल्याकडे असावा असं वाटलं असेल तर नवल नाही. पुढे लोक त्यांना हिंदुस्थानचे ऱ्होड्स म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स म्हणजे इंग्लंडचा तेव्हाचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकीपटू.

परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या कामात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण पुढे होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. आपण आज बाबासाहेबांकडे पाहतो. पण त्या वेळी वीस वर्षांचे बाबासाहेब बाळूंकडे पाहत होते! त्या काळात एका अस्पृश्य मुलाला अभिमानाने नाव घेता येईल अशी माणसं किती होती? त्यातलं एक नाव बाळूंचं होतं.

एवढं सगळं होऊनही एक गोष्ट बाळूंना मिळत नव्हती. कर्णधारपद. वयाने थोर, अनुभवाने थोर, बळींच्या हिशेबाने सगळ्यांच्या वर. दर वर्षी संघ निवडला जायचा आणि दर वर्षी कर्णधार सवर्ण असायचा. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच सत्कारात सांगितलं की हा मान बाळूंचा होता. पै हा मोठ्या मनाचा माणूस. पण निवड समितीचं मन काही तेवढं मोठं झालं नाही.

१९२० मध्ये तर कहर झाला. चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळलं. पै आजारी पडले तर कर्णधारपद विठ्ठलना न देता दुसऱ्याला दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी जाहीर निवेदन काढून खेळायला नकार दिला. नुसते रुसून घरी बसले नाहीत, कारण लिहून दिलं की हा जातीवरून झालेला अपमान आहे. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पुढच्या सामन्याला बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केलं आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. वय पंचेचाळीसच्या आसपास. आयुष्यभराच्या खेळानंतर तेवढाच काय तो वेळ.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्याने दार ढकलत ढकलत किलकिलं केलं, धाकटा आत गेला. विठ्ठलनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्रही मराठीत लिहिलं.

बाळू प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले आणि १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. आजच्या हिशेबात सामने कमी वाटतात, पण तेव्हा सामने होतेच किती? भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये. तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून आपल्याला ते माहीत नाहीत.

खेळ संपल्यावर ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचं आणि बाबासाहेबांचं मत वेगळं पडलं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत चक्क बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले. कोणाचं मत बरोबर यावर बोलायला मी फार लहान आहे, आणि इतिहासाने आपला कौल दिलेला आहेच. पण मला एवढंच वाटतं की ज्यांच्या सत्काराला आपण कधी काळी राबलो त्यांच्याच विरुद्ध लढावं लागणं, आणि ज्याने आपला सत्कार केला त्याच्याच विरुद्ध उभं राहावं लागणं, दोघांनाही जड गेलं असेल. एकाच जखमेवर दोघे दोन औषधं शोधत होते.

४ जुलै १९५५ ला बाळू पालवणकर मुंबईत वारले.

पडवीत गोष्ट संपली तेव्हा पाऊस थोडा कमी झाला होता. मी पोरांना विचारलं, काही शंका? मला वाटलं कोणी इंग्लंडबद्दल विचारेल, कोणी आठ आण्यांबद्दल. डावखुऱ्याने विचारलं की दादा, मग त्या बाळूला बॅट कधी मिळाली?

मी म्हटलं, पुढे सामन्यांत मिळाली ना, सामन्यात सगळ्यांनाच बॅटिंग मिळते. तो मान हलवून हो म्हणाला आणि उठला. त्याने मला दुसरं काही विचारलं नव्हतं. पण रोह्याहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत मी तोच प्रश्न घेऊन बसलो होतो. कुठलाही व्हायवा मला एवढा अवघड गेला नाही.

पुढच्या रविवारी मी घरून सहा ग्लास नेले. एकसारखे. कोणाचा कुठला हे ओळखता येऊ नये म्हणून. भाषण वगैरे काही दिलं नाही, नुसते जारजवळ ठेवले. पहिल्यांदा वाडीवरच्या पोरांनी ओंजळच पुढे केली. मी ग्लास भरून हातात दिला. तिसऱ्या रविवारपर्यंत ते आपलं आपण घ्यायला लागले. आणि ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा माळावर नवीन नियम केला. आज जो बॉल टाकेल तो बॅटिंगही करेल आणि सर्वांत आधी बॅट त्याला, ज्याने अजून एकदाही धरलेली नाही.

डावखुरा पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा बॅट त्याच्या कमरेच्या वर येत होती. दुसऱ्याच बॉलला त्रिफळा उडाला. विटा तीन ठिकाणी. सगळे हसले, तो सगळ्यांत जास्त हसला आणि सवयीने विटा रचायला वाकला. मी म्हटलं, राहू दे, आज दुसरं कोणीतरी रचेल. मग मीच रचल्या.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गावातली दोन-तीन पोरं यायची बंद झाली. अभ्यास आहे असं घरच्यांनी सांगितलं. असेलही. त्यातले दोघे आमचे सगळ्यांत चांगले बॅट्समन होते. दसऱ्यानंतरच्या टूर्नामेंटमध्ये आमची टीम पहिल्याच मॅचला हरली. माझे मित्र चिडले आणि त्यांचं चिडणं मला पूर्ण चूकही वाटत नाही, कारण पोरांनाही जिंकायचं होतं. पण टीममध्ये वाडीवरचे पाच जण होते. मॅचच्या वेळी अकराही जण एकाच बाकावर बसून चहा प्यायले. थर्मोकोलच्या कपात, सगळ्यांना सारखाच!

दिवाळी झाली आणि डावखुऱ्याचं घर या वर्षी भट्टीवर गेलं. जाताना तो माझ्याकडून एक टेनिस बॉल मागून घेऊन गेला. त्याची आई म्हणाली की तिथे खेळायला वेळ कुठला. तरी बॉल त्याने पिशवीत टाकला. आता तो पावसाच्या तोंडावर परत येईल. येईल ना? गेल्या वर्षी वाडीवरची जी पोरं भट्टीवर गेली, ती सगळीच काही परत माळावर दिसली नाहीत. एक टेनिस बॉल आणि रविवारची सकाळ यांनी हे बदलणार नाही, हे न कळण्याएवढा मी आता लहान नाही. त्याला शाळा हवी आणि त्याच्या आई-बापाला गावातच काम हवं. ते माझ्या हातात नाही. ग्लास आणि बॅट मात्र माझ्या हातात होते, आणि तेही मी सहा महिने दिले नव्हते.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. उद्या साइटवर, कारखान्यात आपल्या हाताखाली माणसं असतील. कोणी रोलर फिरवणारा असेल, कोणी जाळी बांधणारा. त्यांच्यात एखादा बाळू असेल. तो आपल्याला शेकडो तास बॉल टाकेल, आपण त्याचं कौतुकही करू, आणि आपल्या लक्षातही येणार नाही की त्याच्या हातात आपण बॅट दिलेलीच नाही. म्हणून अधूनमधून जारजवळ कोण ओंजळ धरून उभं आहे ते बघून घ्यावं.

आणि एक छोटी विनंती. हॉस्टेलच्या माळ्यावर, कॉटखाली कोणाकडे जुनी बॅट पडली असेल तर मला द्या. डावखुऱ्याच्या उंचीची असेल तर फारच उत्तम. जूनच्या आत हवी आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल